उजवीकडे वर, बाहेरची बाजू

"तीन, दोन, तीन. तीन, तीन, पाच. चार, तीन, सहा."

दातांच्या डॉक्टर हातातली बारीक सळई दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत अलगद उतरवत होत्या, सळईवरच्या मिलिमीटरच्या खुणा वाचत होत्या आणि मान न वळवता एकेक आकडा सांगत होत्या. मागे संगणकापाशी बसलेली मुलगी ते आकडे भरत होती. तोंड उघडे असल्यामुळे मला काही विचारता येत नव्हते, पण समोरच्या पडद्यावर माझ्या जबड्याचा आराखडा दिसत होता आणि त्यातल्या प्रत्येक दातापाशी तीन-तीन आकडे उमटत होते. तीनपर्यंतचे काळे, त्यापुढचे लाल. समोरचे दात काळ्या आकड्यांवर सुटले. दाढांकडे सळई सरकली तसे लाल आकडे वाढत गेले, आणि खालच्या उजव्या बाजूच्या शेवटच्या दाढेला 'सहा' ऐकले तेव्हा त्याचा अर्थ कळण्याआधीच माझ्या पोटात खड्डा पडला.

अर्थ त्यांनी नंतर शांतपणे समजावून सांगितला. निरोगी हिरडी दाताला घट्ट बिलगलेली असते आणि तिथली फट एक ते तीन मिलिमीटरच खोल असते. दातावर रोज साचणारा जीवाणूंचा चिकट थर वेळेवर निघाला नाही, तर लाळेतल्या क्षारांमुळे तो कडक होतो आणि त्याचे किटण बनते. हिरडी सुजते, दातापासून सुटू लागते, फट खोल होते, खोल झाल्यामुळे तिथे ब्रश पोहोचत नाही आणि ब्रश पोहोचत नाही म्हणून ती आणखी खोल होत जाते. दाताला धरून ठेवणारे हाड या सगळ्यात झिजते, आणि एकदा झिजलेले हाड सहसा आपोआप भरून येत नाही. हे सारे वर्षानुवर्षे चालू राहते, आणि त्यात जवळजवळ काहीच दुखत नाही.

मी स्वतःहून त्या खुर्चीत बसले नव्हते. मी सांगलीतल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते, वय त्रेपन्न, आणि गेली सात वर्षे मला मधुमेह आहे. पथ्य सांभाळून, रोज चालूनही माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) आठ टक्क्यांच्या खाली येईना, तेव्हा माझ्या नेहमीच्या डॉक्टरांनी गोळी वाढवण्याआधी विचारले, "दात घासताना रक्त येते का?" येत होते. किती दिवसांपासून, हे मला सांगता आले नाही, कारण ते इतके नेहमीचे झाले होते की बेसिनमधला गुलाबी फेस मला दिसतच नसे. मधुमेहामुळे हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांतली सततची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही, असे हे दुहेरी नाते आहे. हिरड्यांवर नीट उपचार झाले तर पुढच्या तीन-चार महिन्यांत ती सरासरी साखर सुमारे ०.४ ने उतरते, असे कॉक्रेन या संस्थेने २०२२ साली अनेक अभ्यास एकत्र तपासून म्हटले आहे. आकडा लहान दिसतो, पण ज्याने त्या आकड्यामागे सात वर्षे धाव घेतली आहे त्याला त्याचे मोल कळते.

दातांच्या डॉक्टरांनी मला विचारले, "काकू, दिवसातून किती वेळा घासता आणि किती वेळ?"

"दोनदा. दोन-तीन मिनिटे," मी म्हणाले.

ते खरे नव्हते. रात्री दात घासायचे असतात हे मला माहीत होते, मुलगा लहान असताना त्याला मी ते रोज बजावत असे, पण त्याचे दात घासून झाले की स्वतःचे राहून जात, आणि तो मोठा होऊन पुण्याला गेल्यावर तर त्या निमित्तानेही रात्री बेसिनपाशी जाणे थांबले. घरी येताना मी या खोट्या उत्तराचा विचार करत राहिले. मला हा प्रश्न विचारणारे शेवटचे माणूस कोण होते? माझी आई. कराड तालुक्यातल्या आमच्या घराच्या मागच्या दारी, न्हाणीच्या दगडापाशी, डाव्या तळहातावर राखुंडी घेऊन मी उभी असायचे आणि ती चुलीपुढून ओरडायची, "घासलेस का नीट? दाखव बघू." मी ओठ फाकून दाखवायचे. चौथी-पाचवीनंतर तिने विचारणे सोडले, आणि त्यानंतर चाळीस-बेचाळीस वर्षे कोणीही मला दात दाखव म्हणाले नाही. नवरा-बायको एकमेकांना गोळी घेतलीस का, जेवलास का, हे विचारतात; दात घासलेस का, हे प्रौढ माणसाला विचारणे आपल्याकडे अपमानाचे वाटते. या सवयीवर कोणाचीच नजर नसते, आणि आपली स्वतःचीही नसते, कारण आपले तोंड आतून आपल्याला दिसत नाही. मोठ्यांच्या मुखारोग्यात मोबाइलचा खरा उपयोग कशासाठी आहे, हे मला इथे उमगले. आई जे दोन शब्दांत करत असे, ते विचारणे आणि ते दाखवायला लावणे, यासाठी.

पहिले काम घड्याळाचे होते. हिरड्यांखालचे किटण काढण्याचे उपचार दोन भेटींत झाले आणि डॉक्टरांनी सांगितले की आता पुढचे सगळे तुमच्या हातात आहे. त्या रात्री मी मोबाइलवरचे स्टॉपवॉच लावून नेहमीसारखेच दात घासले. माझ्या मनात ती दोन मिनिटे होती. घड्याळात ५२ सेकंद होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ४८. बत्तीस दातांत १२० सेकंद वाटले तर एकेका दाताच्या वाट्याला चार सेकंदही येत नाहीत, आणि प्रत्येक दाताला ब्रशने घासण्याजोग्या तीन बाजू असतात. मी तर त्याच्या निम्म्याहून कमी वेळात उरकत होते, आणि तोही वेळ बहुतेक समोरच्या दिसणाऱ्या दातांवर जात होता. दाखवायचे दात आणि खायचे दात वेगळे, ही म्हण आपण हत्तीबद्दल आणि लबाड माणसांबद्दल वापरतो. माझ्या तोंडात ती अक्षरशः खरी ठरली होती: दाखवायचे दात स्वच्छ होते, खायचे आजारी होते.

घासण्याच्या या दोन मिनिटांसाठी तयार ॲप्स पुष्कळ आहेत. इंग्लंडमधले ब्रश डीजे नावाचे ॲप मोबाइलमधलेच एखादे गाणे दोन मिनिटे वाजवते आणि ते संपेपर्यंत घासत राहा म्हणते. कल्पना इतकी साधी आहे की ती कोणालाही समजते. मला मात्र नुसत्या वेळेपेक्षा जागा सांगणारे कोणीतरी हवे होते, आणि ते मराठीत हवे होते. अर्धवट झोपेत, चष्मा नसताना, तोंडात फेस असताना पडद्यावरचे इंग्रजी शब्द आणि रंगीत चौकोन मला वाचता येत नाहीत. म्हणून एका रविवारी मी मोबाइलवरच्या ध्वनिमुद्रणाचे बटण दाबले आणि समोर घड्याळ ठेवून स्वतःच्याच आवाजात बोलत गेले: "उजवीकडे वर, बाहेरची बाजू. शेवटच्या दाढेपासून सुरुवात. ब्रश तिरका, केस हिरडीकडे. घाई नाही." दहा सेकंदांनी, "उजवीकडे वर, आतली बाजू, टाळूकडची." आणखी दहा सेकंदांनी, "चावायची बाजू." मग डावीकडे वर, डावीकडे खाली, उजवीकडे खाली. चार कोपरे, प्रत्येकी तीस सेकंद, बारा सूचना. शेवटी, "थुंका. खळखळून चूळ भरू नका."

हे शेवटचे वाक्य मला सगळ्यांत कठीण गेले. आपल्याकडे तीन-चार खळखळून चुळा भरल्याशिवाय तोंड धुतल्यासारखे वाटत नाही. पण पेस्टमधले फ्लोराइड दातांवर थोडा वेळ राहिले तरच कामाचे. ते पाण्याने धुऊन टाकले तर पैसे आणि श्रम दोन्ही बेसिनमध्ये जातात. प्रौढांसाठी १००० ते १५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइडची पेस्ट सुचवली जाते, आणि हा आकडा ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत छापलेला असतो. तो मला डोळ्यांनी वाचता आला नाही. मोबाइलने फोटो काढून, मोठा करून वाचला. हाही एक डिजिटल उपयोगच म्हणायचा.

बेसिनवरच्या फळीवर एक स्टीलची वाटी ठेवून मी त्यात मोबाइल उभा करते. वाटीमुळे आवाज घुमतो आणि नळ चालू असला तरी ऐकू येतो. स्वतःचाच आवाज ऐकायला पहिले काही दिवस विचित्र वाटले. नंतर तो आवाज माझा राहिला नाही, कोणीतरी शांतपणे शेजारी उभे राहून सांगते आहे असे वाटू लागले.

दुसरे काम दाखवण्याचे. डॉक्टरांनी चार लाल गोळ्या दिल्या होत्या. दात घासून झाल्यावर त्यातली एक चावायची, लाळ तोंडभर फिरवायची आणि थुंकायची. जिथे जीवाणूंचा थर उरलेला असेल तिथे रंग धरून राहतो, स्वच्छ दातावर धरत नाही. एका रात्री, दोन मिनिटे पुरी घासून, समाधानाने मी ती गोळी चावली. चमच्याच्या दांड्याने गाल बाजूला धरला, यजमानांनी मोबाइलचा दिवा लावून फोटो काढले. त्यांनी आधी फोटो पाहिला आणि काही न बोलता मोबाइल माझ्या हातात दिला.

खालच्या पटाशीच्या दातांची जिभेकडची बाजू पूर्ण गुलाबी होती. प्रत्येक दोन दातांच्या मधे त्रिकोणी गुलाबी ठिपका होता. उजवीकडच्या शेवटच्या दाढेमागे, जिथे 'सहा' होता, तिथे गडद पट्टा होता, जणू त्या जागी ब्रश कधी गेलाच नव्हता. समोरचे दात मात्र पांढरे स्वच्छ. उजव्या हाताने घासणाऱ्या माणसाचा मनगट वळवण्याचा कंटाळा कुठे कुठे असतो, हे त्या फोटोत जसेच्या तसे उमटले होते. कोणत्याही डॉक्टरांच्या उपदेशाने, कोणत्याही भित्तिपत्रकाने मला जे पटले नसते ते त्या एका फोटोने पटले, कारण ते दुसऱ्या कोणाचे दात नव्हते. दर रविवारी एक अशा चार फोटोंचा मी एक अल्बम केला. चौथ्या फोटोत दातांमधले त्रिकोण जवळजवळ गेले होते, कारण मधल्या फटींसाठीचे बारीक ब्रश मी वापरू लागले होते. दाढेमागचा पट्टा अरुंद झाला होता, पण होता.

फोटोंसोबत मी एक नोंद ठेवू लागले: आज रक्त कुठे आले. "खाली उजवीकडे, आत." "वर डावीकडे, किंचित." पहिल्या आठवड्यात रोज तीन-चार जागा लिहाव्या लागत. रक्त दिसले की बहुतेक लोक तिथे घासणे सोडतात, मीही तेच करत आले होते, आणि तीच सर्वांत मोठी चूक असते. रक्त हे बहुधा तिथे थर साचल्याचे लक्षण असते आणि मऊ ब्रशने तिथेच नीट घासत राहणे हा उपाय असतो. डेन्मार्कमधल्या आऱ्हुस इथे १९६५ साली हारल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा निरोगी माणसांना, ज्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते, दात घासणे बंद करायला सांगितले होते. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. ते तरुण होते आणि त्यांचे हाड शाबूत होते. मला आठवडा पुरला नाही. पण अठराव्या दिवशी माझ्या नोंदीत पहिल्यांदा "कुठेही नाही" असे दोन शब्द आले आणि त्या रात्री मी ते यजमानांना दोनदा वाचून दाखवले.

आता विचारण्याबद्दल. इथे माझे आधी चुकले आणि ते सांगणे आवश्यक आहे. मी रात्री साडेनऊचा गजर लावला. साडेनऊला मी कधी भांडी आवरत असे, कधी मुलाशी फोनवर बोलत असे. गजर वाजे, मी तो बंद करे आणि नंतर करू म्हणून विसरून जाई. मग मी सवयी जोपासणारे एक ॲप घेतले. रोज काम झाले की खूण करायची, सलग दिवसांची साखळी वाढत जाते. साखळी तेवीस दिवसांवर गेली आणि त्याच सुमारास मामांना मिरजेच्या रुग्णालयात ठेवावे लागले. एक रात्र मी त्यांच्या खाटेपाशी स्टुलावर काढली. दुसऱ्या दिवशी साखळी शून्यावर आली होती. त्या शून्याने मला इतके खट्टू केले की त्यानंतरच्या रात्री मी दात न घासताच खूण केली, केवळ पुन्हा शून्य दिसू नये म्हणून. अंथरुणात पडल्यावर माझ्या लक्षात आले की डॉक्टरांपुढे बोललेले खोटे मी आता एका यंत्रापुढे बोलते आहे. सकाळी उठून मी ते ॲप काढून टाकले.

सवयीच्या बाबतीत साखळीचा हा हट्ट शास्त्रालाही धरून नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९६ जणांनी एकेक नवी सवय रोजच्या एखाद्या ठरावीक प्रसंगाशी जोडली होती. ती अंगवळणी पडायला लागणारा काळ मधल्या माणसासाठी ६६ दिवस होता, पण कोणाला १८ दिवस पुरले तर कोणासाठी हिशोब २५४ दिवसांवर गेला. आणि मधे एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसे बिघडले नाही. यातला प्रसंगाशी जोडण्याचा भाग मी उचलला. आमच्या घरात रात्री ओटा पुसून गॅसचा कॉक बंद केला की स्वयंपाकघर मिटते. तो कॉक फिरवला की तसेच बेसिनपाशी जायचे, असे मी ठरवले. मोबाइलचा गजर आता आठवड्यातून एकदाच वाजतो, रविवारी, फोटोसाठी. रोजची आठवण गॅसचा कॉक करून देतो, आणि ते त्या ॲपपेक्षा पक्के आहे, कारण कॉक बंद करायला मी कधीच विसरत नाही.

दिवाळीला मुलाने विजेवर चालणारा, मोबाइलला जोडता येणारा ब्रश आणला. असे ब्लूटूथचे ब्रश बाजारात येऊन आता दहा वर्षांहून अधिक काळ झाला आहे. ब्रश कुठे फिरतो आहे याचा अंदाज आतले संवेदक घेतात आणि पडद्यावर जबड्याचे भाग रंगत जातात. विजेचा ब्रश हाताच्या ब्रशपेक्षा थोडा सरस ठरतो, याला चांगला आधार आहे: २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात तीन महिन्यांनंतर थर २१ टक्क्यांनी आणि हिरड्यांची सूज ११ टक्क्यांनी कमी आढळली होती. मला मात्र त्यातल्या एका लहानशा लाल दिव्याने शिकवले. जोर जास्त झाला की तो लागतो, आणि माझ्या हातात तो सारखाच लागत होता. डाव्या सुळ्याच्या मुळापाशी थंड पाण्याने कित्येक वर्षे सणक जायची. ती कीड नव्हती, तिथे मीच जोर लावून घासून घासून खाच पाडली होती. भांडे घासायचा जोर दाताला लावायचा नसतो, हे मला त्या दिव्याने सांगितले. तरीही मी हा ब्रश सर्वांना घ्या म्हणणार नाही. त्याची डोकीच वर्षभरात इतकी महाग पडतात की त्या पैशांत घरातल्या सगळ्यांचे मऊ ब्रश आणि दंतवैद्यांकडची एक तपासणी होते. संधिवाताने ज्यांची बोटे आखडली आहेत, पक्षाघाताने ज्यांचा एक हात गेला आहे, त्यांच्यासाठी तो खरा आधार आहे आणि त्यांच्यासाठी तो आवर्जून घ्यावा. शिवाय मी कधी घासते, किती घासते हे सगळे त्या ॲपला कळवावे लागते, त्यासाठी ते माझे ठिकाणही विचारत होते; मी परवानगी नाकारली आणि लाल दिवा तेवढा वापरते.

एका गोष्टीचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. दात पांढरे करण्यासाठी लिंबू चोळा, कोळशाची पूड चोळा, असे सांगणारे छोटे व्हिडिओ याच मोबाइलवर, याच मराठीत, रोज हजारो लोकांपर्यंत पोहोचतात. आम्लाने विरघळलेले आणि पुडीने खरवडलेले दाताचे वरचे कवच पुन्हा उगवत नाही. योग्य माहितीही सरकारने मांडली आहे, २०१९ साली दिल्लीच्या एम्सच्या मदतीने ई-दंतसेवा नावाचे संकेतस्थळ आणि ॲप सुरू झाले. पण माझ्या ओळखीच्या, दात दुखणाऱ्या एकाही माणसाने त्याचे नाव ऐकलेले नव्हते. चुकीची गोष्ट नातेवाइकाच्या आवाजात येते आणि बरोबर गोष्ट कार्यालयाच्या भाषेत येते, तेव्हा माणूस नातेवाइकाचे ऐकतो.

म्हणून मी माझे ध्वनिमुद्रण बहिणींच्या गटात टाकले. तिथून ते वहिनीकडे गेले, आणि वहिनीने ते आईला ऐकवले.

आई आता शहात्तर वर्षांची आहे आणि ती मिश्री लावते. आमच्याकडे बहुतेक बायका लावत. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची. भाजताना घरभर ठसका उठे आणि आम्ही मुले अंगणात पळायचो. सकाळी उठल्यावर डबीतून चिमूटभर तळहातावर, आणि तर्जनीने दातांवरून, हिरड्यांवरून, कितीतरी वेळ. तिच्या लग्नानंतर कधीतरी दाढ दुखत होती म्हणून सासूने दिली आणि ती राहिली. ही तंबाखू आहे असे तिला वाटतच नाही. तिच्या लेखी ते दात घासणेच आहे. २०१६-१७ च्या देशव्यापी प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात २१.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेत असल्याचे आढळले, आणि त्यात मिश्री, गुल अशा दातांना लावायच्या तंबाखूचाही हिशोब होता. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, पण चुलीवर भाजल्या जाणाऱ्या मिश्रीला कोणता कायदा गाठणार? तंबाखूमुळे हिरड्यांचा रक्तपुरवठा आक्रसतो, त्यामुळे रक्तही येत नाही आणि आतून आजार वाढत असताना बाई म्हणते, "माझ्या हिरड्या बघ कशा घट्ट आहेत." आईचे सात दात असेच, न दुखता, हलून पडले आहेत. तोंडाच्या कर्करोगाचा विषय मी तिच्यापाशी दोनदा काढला आणि दोन्ही वेळा ती उठून आत गेली.

तिला उपदेश नको होता. मी तिला ध्वनिमुद्रण दिले तेही सोडण्यासाठी नव्हे, केवळ रात्री एकदा ब्रश-पेस्टने घासावे एवढ्यासाठी. नातवाने तिच्या मोबाइलवर ते पहिल्या पानावर आणून ठेवले, माझा फोटो लावून. फोटोवर बोट ठेवले की मी बोलू लागते. महिनाभराने ती फोनवर म्हणाली, "तू लय हळू सांगतीस, तवर माझं तोंड भरतं." म्हणजे ती ध्वनिमुद्रण रोज लावत होती. आणखी काही दिवसांनी तिने स्वतः विचारले की मिश्री सोडली तर पोट कसे साफ होणार, कारण सकाळची मिश्री आणि परसाकडे जाणे यांची गाठ तिच्या शरीरात पन्नास वर्षांची होती. या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी, १८००-११२-३५६, तंबाखूच्या पुड्यांवरही छापलेली असते आणि तिच्यावरून समुपदेशक विनामूल्य बोलतात; वहिनीने तो क्रमांक लावून दिला. पलीकडच्या बाईंनी मराठीत, घाई न करता, ही तक्रार खरी असते, काही आठवडे राहते, कोमट पाणी घ्या, फळे-भाजी वाढवा आणि एकदम जमत नसेल तर आधी दुपारची चिमूट सोडा, असे सांगितले. नंतरही त्यांचे फोन आले. पुढचा फोन कधी येणार हे आई आता लक्षात ठेवते. दुपारची आणि संध्याकाळची मिश्री सुटली आहे. सकाळची अजून आहे, आणि ती मोजून एक चिमूट आहे, हे तिने मला खोटे न सांगता सांगितले, याचे मला अधिक समाधान आहे.

गेल्या महिन्यात मी पुन्हा त्या खुर्चीत बसले. साखर ७.६ आली होती. त्यातला किती वाटा हिरड्यांचा आणि किती चालण्याचा, हे वेगळे काढता येत नाही. सळई फिरू लागली. "तीन, दोन, दोन. तीन, दोन, तीन. तीन, तीन, तीन." संगणकाच्या पडद्यावर सहा महिन्यांपूर्वीचा आराखडा आणि आजचा शेजारी शेजारी होते आणि डाव्या बाजूचे लाल आकडे बहुतेक काळे झाले होते. उजवीकडच्या शेवटच्या दाढेला पाच. डॉक्टरांनी हातात आरसा दिला आणि माझाच ब्रश घेऊन दाखवले की तोंड मोठे उघडले की गालाचा स्नायू त्या जागेवर ताणला जातो आणि ब्रशला वाट मिळत नाही. तोंड अर्धे मिटून, जबडा किंचित उजवीकडे सरकवून ब्रशचे टोक मागून फिरवायचे.

त्या संध्याकाळी मी ध्वनिमुद्रण नव्याने केले. मागून कुकरची शिट्टी आली आहे, ती तशीच ठेवली. चौथ्या कोपऱ्याच्या शेवटी, चावायच्या बाजूनंतर, आता आणखी एक सूचना आहे: "शेवटच्या दाढेच्या मागे. तोंड अर्धे मिटा, जबडा उजवीकडे. दहा सेकंद." आईसाठी वेगळे केले, तिच्या उरलेल्या दातांप्रमाणे, आणि तिने सांगितले होते तसे थोडे भरभर बोलून.